मुक्काम किती दिवसांचा? वेंगुर्ल्याहून वाचलेला मिशन ट्रिपचा इतिहास

संशोधनाचा विषय ठरला की पहिला खरा प्रश्न येतो: मोजायचं काय? मी एम.एस्सी. करून इतिहासाकडे आले, त्यामुळे हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. इतिहासात मोजण्यासारखं काही नसतं असं आपल्याला वाटतं. पण काही विषयांत एक साधा आकडा हातात धरला तरी गुंता सुटायला लागतो. आजच्या लेखात तो आकडा आहे मुक्कामाचा. परदेशातून सेवेसाठी आलेला माणूस इथे किती दिवस राहिला, आणि त्याचा मुक्काम कोणी ठरवला?

विषय आहे चर्चच्या ‘शॉर्ट टर्म मिशन’चा. दहा-वीस जणांचा गट आठवडा-दोन आठवडे दुसऱ्या देशात जातो, शाळेची भिंत बांधतो, वैद्यकीय शिबिर घेतो, मुलांना गाणी-गोष्टी शिकवतो आणि परततो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांनी २००५ च्या सर्वेक्षणावरून अंदाज काढला होता की एकट्या अमेरिकेतून चर्चचे सुमारे १६ लाख सदस्य दरवर्षी अशा परदेशी सहलींना जातात.

हा विषय काढला की आपल्याकडे दोन उत्तरं लगेच येतात. एक म्हणजे ‘किती मोठी सेवा!’ आणि दुसरं म्हणजे ‘हा सगळा धर्मांतराचा डाव.’ दोन्ही उत्तरं प्रश्नाच्या आधीच तयार असतात, म्हणून रिसर्चला त्यांचा उपयोग नाही. त्यापेक्षा दोनशे वर्षं मागे जाऊन मुक्कामाचा आकडा कसा बदलत गेला ते पाहू.

पहिले दोघे

अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले फेब्रुवारी १८१३ मध्ये. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ही त्यांची नावं. बॉस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ने त्यांना पाठवलं होतं, आणि पाठवणी जन्मभरासाठी होती. नॉट आजारी पडून १८१५ मध्येच परत गेले. हॉल राहिले, मराठी शिकले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने गेले. एकाचा मुक्काम दोन-अडीच वर्षांचा, दुसऱ्याचा तेरा वर्षांचा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दोघांचाही इरादा सारखाच होता, पण मुक्काम ठरवला प्रकृतीने आणि पटकीने. म्हणून या काळातला ‘लाँग टर्म’ हा शब्द जपून वापरायचा. लाँग टर्म हा इरादा असतो, मुक्काम हा निकाल. तुमच्या डेटाशीटमध्ये हे दोन वेगळे कॉलम हवेत. सिंथिया फरार यांचंच पाहा. १८२७ मध्ये त्या आल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत १८६२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढण्याआधी पाहिलेली शाळा त्यांचीच.

पाहुणा आला आणि धोरण बदललं

छोट्या मुक्कामाचा मराठी मुलुखावर झालेला सगळ्यात मोठा परिणाम मला दिसतो तो १८५४ मध्ये. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन त्या वर्षाच्या अखेरीस पाहणीसाठी इथे आले. काही महिन्यांचा दौरा होता. त्यांचं मत ठाम होतं: मिशनरी हा तात्पुरता माणूस आहे. त्याने स्थानिक भाषेत काम करावं, स्थानिक पाळक तयार करावेत, मंडळी त्यांच्या हाती द्यावी आणि पुढे निघावं. मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतःच पाहावा. इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन यांनी आणि अमेरिकेत अँडरसन यांनी मांडलेलं हेच ते ‘तीन स्वयं’चं सूत्र.

कागदावर हे आजही आधुनिक वाटतं. पण त्या दौऱ्यानंतर मुंबईतली मिशनची इंग्रजी शाळा बंद झाली, शिक्षणावरचा भर कमी झाला. ज्यांची मुलं त्या शाळेत होती त्यांना कोणी विचारलं होतं का? ‘लोकांच्या हाती द्या’ हा निर्णयसुद्धा बॉस्टनहून आलेल्या पाहुण्याने घ्यावा, ही यातली मेख.

विरोध झाला तो कोल्हापुरातून. रॉयल वाइल्डर १८५२ पासून तिथे होते आणि शाळांवर त्यांचा विश्वास होता. बोर्डाशी त्यांचं बिनसलं ते कायमचं. १८६१ मध्ये ते बोर्डाच्या पाठबळाशिवाय कोल्हापूरला परतले आणि स्वतंत्रपणे काम करत राहिले. १८७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते मिशन आपल्याकडे घेतलं. राहणाऱ्याचं खरं की ठरवणाऱ्याचं, हे भांडण म्हणजे या विषयाचं मूळ आहे आणि ते आपल्या पंचगंगेच्या काठावर झालं.

घाट उतरून वेंगुर्ल्याला

याच कोल्हापूर मिशनचं काम पुढे दोन दिशांनी पसरलं. मिरजेला विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. ते १८८९ मध्ये आले होते आणि जवळजवळ चाळीस वर्षं राहिले. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. दुसरी दिशा घाटाखालची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशन वेंगुर्ल्यात आलं आणि तिथे सेंट ल्यूक्स रुग्णालय उभं राहिलं.

त्या काळचं वेंगुर्लं डोळ्यासमोर आणा. तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यात. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. मुंबईहून आगबोट यायची, पण पावसाळ्यात बंदर बंद. समुद्र उघडेपर्यंत जायचं तर आंबोलीचा घाट चढून बेळगावकडे. म्हणजे इथे डॉक्टर असणं याचा अर्थ पावसाळ्यात असणं. ताप, विंचूकाटा, सर्पदंश, अडलेली बाळंतीण हे सगळं कोकणात मिरगानंतर जास्त येतं. आल्हाददायक हवेत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येऊन जाणाऱ्याला वेंगुर्ल्याचा निसर्ग दिसतो, वेंगुर्ल्याचा आजार दिसत नाही. ज्यांना सार्वजनिक आरोग्यावर काम करायचं आहे त्यांनी हा मुद्दा लिहून ठेवा. मुक्कामाची लांबी जशी महत्त्वाची, तसा त्याचा ऋतूही महत्त्वाचा. सॅम्पल एकाच मोसमाचं असेल तर निष्कर्षही एकाच मोसमाचा.

वेंगुर्ल्यातल्या अशाच एका वैद्यकीय मिशनरी कुटुंबात १५ ऑगस्ट १९१९ रोजी रॉबर्ट गोहीन यांचा जन्म झाला. पंधरा वर्षांचे होईपर्यंत ते भारतात वाढले. १९५७ ते १९७२ या काळात ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६९ मध्ये, तिथे पदवीसाठी मुलींना प्रवेश सुरू झाला. पुढे १९७७ ते १९८० ते भारतात अमेरिकेचे राजदूत म्हणून आले. दीर्घ मुक्कामाचा हा परिणाम मिशनच्या कोणत्याही अहवालाच्या उद्दिष्टांत नव्हता.

जन्मभराच्या शपथेपासून दोन आठवड्यांपर्यंत

आता वाइल्डर घराण्याकडे पुन्हा एकदा. रॉयल यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला आणि शिकायला प्रिन्स्टनला गेला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं शिबिर झालं. तिथे त्याच्या पुढाकाराने शंभर जणांनी परदेशी मिशनला जाण्याची तयारी लिहून दिली. यातून १८८८ मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ उभी राहिली. पुढच्या काही दशकांत तिच्यातून सुमारे २० हजार तरुण परदेशी गेले. कोल्हापूरच्या बंगल्यात वाढलेल्या मुलाने अमेरिकेतल्या कॉलेजांना हलवलं, असं म्हणायला हरकत नाही. पण ही तयारी आयुष्य देण्याची होती. सुट्टीत जाऊन येण्याची कल्पना तिच्यात नव्हती.

ती आली दुसऱ्या महायुद्धानंतर. विमानप्रवास आवाक्यात आला. लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू करून तरुणांना थोड्या काळासाठी पाठवायला सुरुवात केली. १९६१ मध्ये अमेरिकन सरकारची पीस कॉर्प्स आली. ती धार्मिक नव्हती आणि मुक्काम साधारण दोन वर्षांचा. पण ‘आयुष्यातली थोडी वर्षं परक्या देशाला द्यावीत’ ही कल्पना तिने घराघरांत नेली. पीस कॉर्प्समधून १९६६ मध्ये लिलियन कार्टर नावाच्या ६८ वर्षांच्या नर्सबाई मुंबईजवळ विक्रोळीला आल्या. त्यांचा मुलगा जिमी पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्यानेच वेंगुर्ल्यात जन्मलेल्या गोहीन यांना राजदूत म्हणून भारतात पाठवलं. लिलियनबाईंनी विक्रोळीहून घरी लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक नंतर निघालं.

या टप्प्यावर मुक्काम किती, हे प्रवासी स्वतः ठरवू लागला. त्याची सुट्टी, त्याचं तिकीट, त्याचं कॉलेजचं वेळापत्रक. भाषा शिकण्याचा काळ यातून गळाला. जुना मिशनरी पहिली एक-दोन वर्षं पंडितापुढे बसून मराठीच शिकायचा आणि त्याची परीक्षाही व्हायची. दोन आठवड्यांत फक्त दुभाषा परवडतो. भारतात तर कायद्याचाही प्रश्न आहे. धर्मप्रचारासाठी पर्यटक व्हिसा चालत नाही, मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे.

मोजल्यावर काय दिसलं

ऑक्टोबर १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केलं. घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट गेले. काही घरं स्थानिक संस्थांनीही बांधली. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी दोन्ही प्रकारच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांची तुलना केली. कुटुंबांच्या आयुष्यात फारसा फरक दिसला नाही. फरक खर्चात होता: सुमारे २ हजार डॉलरचं घर बांधायला येणारा एक गट विमानभाड्यासह सरासरी ३० हजार डॉलर खर्च करत होता.

यावर नेहमीचं उत्तर असं की घर हे निमित्त, बदलतात ते जाणारे. व्हर बीक यांनी तेही तपासलं. आपण बदललो, जास्त देणगी देऊ लागलो, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. पाठवणाऱ्या संस्थेच्या देणगीच्या नोंदींत मात्र तेवढी वाढ सापडली नाही. प्रश्नावली भरून घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे उदाहरण पाठ करावं. माणूस स्वतःबद्दल सांगतो तो एक डेटा, पावतीपुस्तक सांगतं तो दुसरा. दोन्ही घ्या आणि मग ताडून पाहा.

मग जुनंच बरं होतं का?

असा निष्कर्ष काढायची घाई नको. दीर्घ मुक्कामाचीही किंमत होती. पगार आणि निर्णय परदेशी माणसाच्या हाती राहायचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि अनेक वर्षं अमेरिकन मिशनबरोबर राहिले. १९१७ मध्ये मात्र त्यांनी मिशनच्या पगारी चौकटीबाहेर पडून ‘देवाचा दरबार’ मांडला. अँडरसन यांनी साठ वर्षांपूर्वी बोलून दाखवलेलं ‘तुमचं तुम्ही पाहा’ प्रत्यक्षात येण्यासाठी एका कोकणी माणसाला पगार सोडावा लागला.

आणि परदेशी सेवा म्हणजे गोऱ्याने इकडे येणं, हेही गृहीत धरू नका. गोव्यातल्या बाणावलीचे जोसेफ वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेला गेले. तिथल्या डच मुलुखात कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. सतराव्या शतकात ज्या डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, तेच हे डच. वाझ वेश बदलून फिरले, तमिळ आणि सिंहली शिकले आणि १७११ मध्ये कँडीत वारले. ते परत आले नाहीत. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर

पहिली गोष्ट नावांची. १९८१ पूर्वीच्या कागदांत ‘सिंधुदुर्ग’ म्हणून फक्त किल्ला सापडेल. जिल्ह्यासाठी रत्नागिरी आणि सावंतवाडी संस्थान शोधा. जुन्या इंग्रजी नोंदीत वेंगुर्ल्याचं ‘विंगोर्ला’ होतं.

दुसरी गोष्ट कागदांच्या मालकीची. अमेरिकन बोर्डाची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, प्रेस्बिटेरियन मिशनची फिलाडेल्फियात. ती लिहिली गेली देणगीदारांसाठी. मुक्काम चाळीस वर्षांचा असो की चौदा दिवसांचा, हिशेब नेहमी पैसे पाठवणाऱ्याला दिला गेला. ज्यांच्यासाठी काम झालं त्यांना अहवाल मिळाला नाही. म्हणून १८४२ पासूनचा मराठी ‘ज्ञानोदय’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यांना पुरवणी वाचन समजू नका. घराच्या आतून दिसलेलं मिशन तिथे आहे.

तिसरी गोष्ट मोजमापाची. परदेशी माणसाच्या मुक्कामाशेजारी आणखी एक कॉलम ठेवा: तो गेल्यावर काम कोणी चालवलं? वेंगुर्ल्याच्या रुग्णालयात मलमपट्टी करणारे कंपाउंडर, रात्रपाळीच्या नर्स, डॉक्टरांना मालवणीतलं दुखणं मराठीत समजावून सांगणाऱ्या बायका. यांचा मुक्काम आयुष्यभराचा होता, पण ते कधी ‘आले’ नव्हते, म्हणून त्यांच्या आगमनाची तारीख कुठे नोंदलेली नाही. त्यांची नावं पगारपत्रकांत, चर्चच्या बाप्तिस्मा-विवाह नोंदवह्यांत आणि त्यांच्या नातवंडांच्या बोलण्यात मिळू शकतात. नोंदवह्या टिकतील, बोलणारी माणसं मात्र सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. प्रपोजल मंजूर होईपर्यंत थांबू नका, परवानगी घेऊन रेकॉर्डिंग आत्ताच सुरू करा.