डिंकाचं सलाईन

आपल्या मंडळाच्या फेरीत केईएम स्कूलच्या जुन्या इमारतीपाशी आपण कमानींवर बोलतो नि एम.वाय.कडे सरकतो. मला तिथे दरवेळी एकच प्रश्न पडतो. इंदुरात डॉक्टरकीचं शिक्षण १८७८ सालापासून आहे. रक्तपेढ्या त्यानंतर कितीतरी दशकांनी आल्या. तोवर बाळंतपणात एखादीचा रक्तस्राव थांबेना, तर डॉक्टरच्या हातात काय होतं?

मिठाचं पाणी. ते शिरेतून दिलं की नाडी लागायची, नि थोड्या वेळाने पुन्हा बुडायची. मी पाइपलाइनवाला माणूस, मला हे पटकन कळलं. केशवाहिन्यांच्या भिंती झिरपणाऱ्या असतात. मीठ नि पाणी दोन्ही बाहेर जातं. रक्तातली प्रथिनं मोठी, ती आत राहतात आणि पाणी धरून ठेवतात. हे लंडनच्या स्टार्लिंगने १८९६ साली मांडलं. त्याचा मेहुणा बेलिस याने पहिल्या महायुद्धात पुढचा विचार केला: प्रथिन नाही तर दुसरा मोठा रेणू घाला. त्याने घातला चक्क बाभळीच्या जातीचा डिंक! ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ६ टक्के. १९१७पासून तो आघाडीवरच्या जखमींना दिला गेला.

बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांशी याचा काही संबंध नाही. व्हॉट्सअॅपवर फिरायच्या आधीच सांगून ठेवतो.

पण डिंक शरीरात नीट मोडत नाही, यकृतात साठतो. काहींना रिअॅक्शनही यायची. तो मागे पडला. मग १९४०च्या दशकात स्वीडनमध्ये ग्रोनवाल आणि इंगेलमन यांनी डेक्स्ट्रान आणलं. साखर कारखान्यात काम केलेल्यांना हे माहीत असेल: रसात जंतू वाढले की गाळण्या तुंबवणारा जो बुळबुळीत चिकटा होतो, तोच हा पदार्थ. कारखान्याची डोकेदुखी शिरेतलं औषध झाली. त्याचीही एक खोड होती. ते दिल्यावर रक्त जुळवण्याच्या तपासणीत घोळ होई, म्हणून नमुना आधी काढून ठेवावा लागे.

पुढे स्टार्चची द्रावणं आली. २०१३ साली त्यांच्यामुळे मूत्रपिंडाला होणाऱ्या इजेचे इशारे निघाले, २०२२ साली युरोपने ती थांबवली.

यातलं एकही द्रावण प्राणवायू वाहून नेत नाही. ते नळी भरलेली ठेवतं, तेवढ्यात रक्त आणायचं असतं. पुढच्या फेरीत एम.वाय.च्या रक्तपेढीपाशीही दोन मिनिटं थांबू या.