नंबर, हप्ता आणि बोजा: दुचाकीच्या रोख व उधार खरेदीचा इतिहास

विक्रेत्याकडून दुचाकी घेताना पूर्ण रक्कम एकदम मोजावी की काही रक्कम भरून उरलेली हप्त्यांनी फेडावी, हा प्रश्न आज घरोघरी व्याजाच्या हिशेबाने सोडवला जातो. परंतु स्वातंत्र्योत्तर भारतात, आणि विशेषतः दुचाकींच्या कारखान्यांमुळे ओळख मिळालेल्या पुणे परिसरात, या प्रश्नाचे स्वरूप गेल्या सहा-सात दशकांत मुळापासून पालटले आहे. आधीच्या काळात ग्राहकाचे पैसे प्रथम अडकत आणि गाडी कित्येक वर्षांनी हाती येई. नंतरच्या काळात गाडी त्याच दिवशी घरी येऊ लागली आणि पैसे मात्र वर्षानुवर्षे जात राहू लागले. या उलटापालटीत रोख पैसे घेऊन येणाऱ्या ग्राहकाचे विक्रेत्याच्या दारातील वजनही बदलले, आणि या व्यवहाराच्या इतिहासात तीच बाब सर्वांत लक्षणीय आहे.

बजाज समूहाच्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने 1948 पासून आयात केलेल्या दुचाकी व तीनचाकी विकण्यास आरंभ केला, 1959 मध्ये उत्पादनाचा परवाना मिळवला आणि त्यानंतर इटलीच्या पियाजिओ कंपनीशी केलेल्या करारान्वये आकुर्डीच्या कारखान्यात व्हेस्पा स्कूटर बनू लागली. 1971 मध्ये हा करार संपल्यावर कंपनीने स्वतःच्या नावाने स्कूटर आणल्या आणि 1972 मध्ये चेतक बाजारात आली. किती गाड्या बनवायच्या हे मागणीवर नव्हे तर सरकारी परवान्यावर ठरत असल्याने मागणी व पुरवठा यांतील दरी रुंदावत गेली आणि बजाज स्कूटरसाठी दहा-दहा वर्षे थांबण्याची वेळ ग्राहकांवर आली. गाड्यांचे वाटप सरकारी नियंत्रण आदेशाखाली होत असे. अनामत रक्कम भरून नाव नोंदवायचे, म्हणजेच लोकांच्या भाषेत ‘नंबर लावायचा’, आणि नंबर लागल्याचे पत्र येईपर्यंत वाट पाहायची, असा तो क्रम होता. राजदूत, जावा किंवा एनफिल्ड या मोटरसायकलींसाठी एवढे ताटकळावे लागत नसे, कारण शहरी मध्यमवर्गाची पहिली पसंती स्कूटरला होती.

या व्यवस्थेत उधारीला जवळजवळ स्थानच नव्हते, कारण ज्याच्या दाराशी रांग लागलेली असते त्या विक्रेत्याला ग्राहकाची सोय पाहण्याचे प्रयोजन उरत नाही. रोकड मात्र दोन प्रकारची होती. छापील किंमत मोजणारी रोकड रांगेत उभी राही, तर त्यावर ‘ऑन’ देणारी, म्हणजे नंबर लागलेल्या माणसाला किमतीव्यतिरिक्त वरचे पैसे देऊन त्याची गाडी घेणारी रोकड, रांग ओलांडून पुढे जाई. गाडी शोरूमबाहेर पडताच तिची किंमत घटण्याऐवजी वाढत असे, ही आजच्या वाचकाला अजब वाटणारी गोष्ट त्या काळी सर्वांच्या परिचयाची होती. परकीय चलनात किंमत भरणाऱ्यांनाही रांगेबाहेर गाडी मिळण्याची सोय होती आणि त्यामुळे आखातात नोकरी करणारा नातेवाईक असणे हा खरेदीतला एक मोठा आधार ठरला. सचोटीने थांबणाऱ्या पगारदाराला मात्र दोन्ही वाटा बंद होत्या.

नंबर लागल्यावर पूर्ण रक्कम ठरावीक मुदतीत उभी करावी लागे आणि ती उभी करण्याचे महाराष्ट्रातील मार्ग विक्रेत्याच्या दुकानाबाहेरचे होते. सरकारी कर्मचाऱ्यांना वाहन अग्रिम, म्हणजे पगारातून कापून घेतले जाणारे कर्ज, मिळू शके. कामगार, शिक्षक आणि कारकून यांचा भरवसा पगारदार पतसंस्थेवर असे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 मुळे सभासदाच्या संमतीने मालकाने पगारातूनच हप्ता कापून संस्थेकडे पाठवण्याची तजवीज झाली होती, आणि दोन सहकारी जामीनदार म्हणून उभे राहिले की बहुधा काम होत असे. याशिवाय भिशी होती, सोने गहाण ठेवणे होते, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात कारखान्याचे बिल होते. उसाचे पैसे वर्षभर थेंबाथेंबाने न येता हंगामात ठोक रकमेने येत असल्याने तेथील शेतकऱ्याची गाडीखरेदी उसाच्या बिलाशी जोडली गेली. विक्रेत्याच्या वहीत हे सारे व्यवहार रोखीचेच दिसत, म्हणून त्या पिढीने कर्जाविना गाड्या घेतल्या असे मानणे चुकीचे ठरेल. कर्ज होतेच, पण ते ओळखीच्या संस्थेचे आणि ओळखीच्या माणसांच्या जामिनावरचे होते.

विक्रेत्याच्या दाराशीच मिळणारी उधारी ज्या कायदेशीर कल्पनेवर उभी राहिली तिला भाडेखरेदी किंवा सर्रास बोलण्यात ‘हायर-पर्चेस’ म्हणतात. या पद्धतीत वित्तसंस्था वस्तूची मालक राहते, ग्राहक तिचे भाडे हप्त्यांनी भरतो आणि शेवटचा हप्ता भरल्यावर ती विकत घेण्याचा हक्क बजावतो. इंग्लंडमध्ये 1895 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने एका पियानोच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, वस्तू परत करण्याची मोकळीक असलेला ग्राहक हा अद्याप खरेदीदार नसतो. त्यामुळे हप्ते चालू असताना त्याने ती वस्तू दुसऱ्याकडे गहाण टाकली तरी मूळ मालकाचा हक्क अबाधित राहिला आणि धनकोला हवे ते संरक्षण लाभले. भारतात ही पद्धत मालमोटारींच्या व्यवसायात रुजली. तिच्या नियमनासाठी संसदेने 1972 मध्ये भाडेखरेदी अधिनियम संमत केला खरा, परंतु तो अंमलात कधीच आला नाही आणि अखेर 2005 मध्ये रद्द झाला. ग्राहकाला संरक्षण देऊ पाहणारा कायदा तीन दशकांहून अधिक काळ कागदावरच राहावा, आणि त्याच काळात हप्त्याची खरेदी मालमोटारींवरून सामान्य घरांपर्यंत पोहोचावी, ही या इतिहासातील सर्वांत खेदाची गोष्ट आहे.

1980 च्या दशकात परिस्थिती पालटली. परदेशी सहकार्याला वाट मिळाल्यावर हिरो होंडाची सीडी 100, यामाहाची आरएक्स 100, कावासाकी बजाज यांसारख्या मोटरसायकली आल्या, बजाजचा वाळूज येथील कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि रांगा ओसरू लागल्या. 1987 मध्ये बजाज ऑटो फायनान्स ही कंपनी स्थापन झाली, तिचा पहिला व्यवसाय दुचाकी-तीनचाकींना कर्ज देण्याचा होता. या घटनेचा अर्थ फार मोठा आहे, कारण ज्या उद्योगाच्या दारात ग्राहक ताटकळत होता त्याच उद्योगाला आता ग्राहकाच्या हाती पैसे ठेवून गाडी विकण्याची निकड भासू लागली होती. परक्राम्य संलेख अधिनियमात घातलेले कलम 138 एप्रिल 1989 पासून लागू झाले व धनादेश न वटणे हा गुन्हा ठरला. त्यामुळे पुढील तारखांच्या सह्या केलेल्या धनादेशांचा गठ्ठा घेऊन कर्ज देणे वित्तसंस्थांना निर्धास्तपणे जमू लागले आणि जामीनदाराची जागा त्या गठ्ठ्याने घेतली.

हप्त्याच्या या बाजारात व्याज सांगण्याची जी रीत पडली ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. ‘फ्लॅट’ दर म्हणजे मूळ रकमेवर संपूर्ण मुदतीसाठी आकारलेले व्याज. 60,000 रुपयांच्या कर्जावर तीन वर्षांसाठी फ्लॅट 10 टक्के म्हटले की व्याज 18,000 होते, एकूण 78,000 रुपये फेडावे लागतात आणि महिन्याचा हप्ता सुमारे 2,167 रुपये बसतो. पण मुद्दल दरमहा घटत असते, शेवटच्या वर्षी तर त्याचा थोडाच भाग ग्राहकाकडे उरलेला असतो. घटत्या शिलकीवर मांडणी केली तर हाच दर वर्षाला सुमारे 18 टक्के भरतो. प्रक्रिया शुल्क आणि आगाऊ कापलेला हप्ता धरला तर तो आणखी चढतो. दहा म्हणून अठरा घेणे हा ज्याला गणित येत नाही त्याच्यावरचा अन्याय होय, आणि शब्दांची सोय म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

याच सुमारास रोख ग्राहकाचे स्थान घसरले. विक्रेत्याला गाडीमागे मिळणारा नफा मर्यादित असतो, मात्र कर्जाचे प्रकरण करून दिल्यास वित्तसंस्थेकडून वेगळे कमिशन मिळते. त्यामुळे संपूर्ण रक्कम मोजणारा ग्राहक, ज्याला पूर्वी घासाघीस करून सूट मिळण्याची आशा असे, तो विक्रेत्याला तुलनेने कमी किफायतीचा ठरू लागला. ‘शून्य टक्के व्याज’ या योजनांत तर रोखीची सूट नाकारून तीच रक्कम व्याजाच्या जागी वळवली जाई, आणि सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा योजनांविषयी बजावले की, शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते व मिळणारी सवलत ग्राहकापर्यंत पोहोचली पाहिजे. वसुलीच्या पद्धतींवरही वचक आवश्यक झाला होता; 2008 मध्ये मोटरसायकलच्या कर्जवसुलीतून उद्भवलेले, कर्जदाराच्या मृत्यूने गंभीर झालेले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने वसुली प्रतिनिधींबाबत बँकांना सूचना दिल्या.

तथापि या व्यवस्थेने पगाराचा दाखला नसलेल्या भाजीविक्रेत्याला, दूध घालणाऱ्याला आणि गवंड्याला गाडी दिली, जी पगारदार पतसंस्था त्यांना देऊच शकली नसती, हेही तितकेच खरे आहे. एकरकमी पैसे जमवणे मधल्या काळात अधिक जड झाले आहे: सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो आणि त्यामुळे ‘ऑन-रोड’ किंमत, म्हणजे कर, नोंदणी व विम्यासह पडणारी किंमत, वाढली. प्राप्तिकर कायद्यानुसार एप्रिल 2017 पासून एका व्यवहारात 2 लाख किंवा अधिक रोख स्वीकारण्यास मनाई आहे, परंतु सर्वसाधारण 100-125 सीसीची मोटरसायकल या मर्यादेच्या आत बसत असल्याने नोटा मोजून गाडी घेण्याची रीत टिकून आहे.

आज दिले जाणारे बहुतेक कर्ज भाडेखरेदीचे नसून नजरगहाणाचे असते, म्हणजे गाडी कर्जदाराच्या मालकीची व त्याच्याच ताब्यात राहते आणि तिच्यावर धनकोचा बोजा चढतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 51 खाली हा बोजा नोंदणी पुस्तिकेत लिहिला जातो आणि कर्ज फिटल्यावर वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र व फॉर्म 35 देऊन तो उतरवावा लागतो. भाडेखरेदीचा कायदा रद्द होऊन बराच काळ लोटला, तरी परिवहन कार्यालयाच्या आवारात या कामाला अजूनही ‘एचपी’, म्हणजे हायर-पर्चेस, ‘उतरवणे’ असेच म्हणतात, आणि शेवटचा हप्ता भरूनही जो हे काम करायला जात नाही त्याच्या पुस्तिकेवर वित्तसंस्थेचे नाव तसेच राहते.