तेरावा आलेला पहिला

घड्याळ मागे फिरवा. साल 2011. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात, तळेगाव रोही या दुष्काळी गावात, अर्धवट खणलेल्या विहिरीच्या काठावर तुम्ही उभे आहात. दत्तू भोकनळ वडिलांबरोबर अशाच विहिरी खणायला जायचा. यंदा वडील गेले आणि घर त्याच्या अंगावर आलं.

पुढच्याच वर्षी तो तुम्हाला खडकीत भेटतो, बॉम्बे सॅपर्सच्या गणवेशात. पाठीचा आणि खांद्यांचा दम विहिरीतच कमावलेला. वल्ही हातात येतात ती इथे, सैन्यात.

आता चार वर्षं ओलांडा. ऑगस्ट 2016, रिओ ऑलिम्पिक, रोद्रिगो दे फ्रेतास सरोवर. आई अपघातातून सावरते आहे, तिची स्मृती हरपली आहे, आणि मुलगा 2000 मीटरच्या शर्यतीला एकटा होडीत बसला आहे. उपांत्यपूर्व फेरीत तो चौथा येतो. पुढे जातात पहिले तिघे. पदकाची आशा संपली, पण शर्यती संपलेल्या नाहीत; खालचे क्रमांक अजून ठरायचे आहेत. 'क' गटाच्या अंतिम फेरीत उभे राहून नीट बघा, कारण उद्याच्या पेपरात ही शर्यत एका ओळीत उरकणार आहे. हाती लागण्यासारखं काही नसताना दत्तू जीव तोडून वल्हवतो: 6 मिनिटं 54.96 सेकंद, रिओतली त्याची सर्वांत वेगवान वेळ, गटात पहिला. एकूण क्रमवारीत तेरावा. चार वर्षांपूर्वी वल्हं धरलेल्या माणसासाठी ही केवढी मजल आहे! टाळ्या वाजवा, मनापासून.

लगेच निघू नका, वल्ह्यांचा दुसरा खेळही इथेच बघून घ्या. काही दिवसांनी याच पाण्यावर पोलंडच्या कालिश शहरातली मार्ता वाल्चिकेविच कयाकमध्ये बसते. रोइंगमध्ये अंतिम रेषा पाठीमागे असते, कयाकमध्ये ती डोळ्यांसमोर. 200 मीटर, जेमतेम 40 सेकंद, दम घ्यायलाही उसंत नाही. न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टनमागून ती रौप्य घेते. एका चुकलेल्या वल्ह्याची किंमत तिला किती मोजावी लागली असती, याचा हिशेब करून पाहा.

मग पालेंबांगला या. ऑगस्ट 2018, आशियाई स्पर्धा. एकेरीत तापाने फणफणलेला दत्तू शेवटचा येतो. दुसऱ्याच दिवशी, 24 तारखेला, तो पुन्हा होडीत! सोबत स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग. चार माणसं, आठ वल्ही, एक लय. काठावरचा गलका यजमान इंडोनेशियासाठी आहे, तुम्ही मराठीत ओरडा. 6 मिनिटं 17.13 सेकंदांनी भारताची होडी पहिली येते, इंडोनेशियाची दुसरी.