सेस ते संचमान्यता

जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाला तिथले कर्मचारी आजही ‘सेस’ म्हणतात. गावच्या शाळेचा जन्मदाखला या दोन अक्षरांत आहे. 1863 च्या सुमारास मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड सेस म्हणून घेतला जाऊ लागला. त्यातला एक तृतीयांश वाटा शाळांचा. 1869 च्या कायद्याने ही पट्टी पक्की झाली. शाळेला लोक सरकारी म्हणत आले, पण तिचा पहिला आणा कुणब्याच्या कनवटीचा होता.

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे याच आण्यावर बोट ठेवले. शिक्षणाच्या नावाने पट्टी घेता, पण ती शिक्षणावर खर्च होत नाही आणि इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत प्राथमिक शाळेची सोयच नाही, अशी त्यांची तक्रार होती. 1917 मध्ये शाहू महाराजांनी करवीर (कोल्हापूर) संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. 1923 च्या कायद्याने इलाख्यातल्या शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आला. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि देवळात, चावडीत भरणाऱ्या शाळांना हळूहळू स्वतःच्या खोल्या मिळत गेल्या. पुढे वस्तीशाळांमुळे बाराखडी गावठाण ओलांडून वाडी-पाड्यांवर पोचली. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हे नियमाने ठरले. राज्याच्या 2011 च्या नियमांत मात्र त्याला जोडून किमान वीस मुलांची अट आली.

तोवर गाव बदलले होते. घरात मुले कमी झाली. कोकणातली बिऱ्हाडे मुंबईला गेली, घाटावरची पुण्याला. जी राहिली, त्यांच्या दारात सकाळी इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी येऊ लागली. जूनमध्ये पटनोंदणीला निघालेले गुरुजी घरोघरी आर्जवे करताना दिसू लागले. शिक्षकांचा पगार आता शासनाच्या तिजोरीतून येतो. सेस तुटपुंजा आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी दिवाबत्तीलाच पुरत नाही. त्यामुळे शाळा ठेवायची की मिटवायची, याचा हिशेब गावाबाहेर मांडला जातो.

2017 अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून गदारोळ उठला. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हा वीसपर्यंत पट असलेल्या शाळा 14,783 होत्या, त्यांत मुले 1,85,467 आणि शिक्षक 29,707. म्हणजे एका शाळेत सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या कागदावर ही चैन दिसते. वर्गात मात्र तेच दोन शिक्षक चार-पाच इयत्ता एकत्र सांभाळतात, पोषण आहाराची नोंद ठेवतात आणि एकजण बैठकीला गेला की सगळी शाळा दुसऱ्यावर येते.

म्हणून एकत्रीकरणाला सरसकट विरोध करणेही योग्य नाही. तीन मुलांच्या वर्गात कबड्डी होत नाही, गटचर्चा होत नाही, स्नेहसंमेलनाला पात्रे पुरत नाहीत. आयुक्तालयाने नमुना म्हणून दाखवलेल्या दोन ठिकाणी ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला. पानशेतला आसपासच्या वाड्यांतली मुले बसने मोठ्या शाळेत येतात. सातपुड्यातल्या तोरणमाळला विखुरलेल्या पाड्यांची मुले निवासी शाळेत राहतात. दोन्हीकडे भिंतींइतकीच मुलांच्या ये-जा-राहण्याची सोय महत्त्वाची आहे. ती नसेल तर ओढ्याला पाणी आल्यावर आधी मुलीची शाळा सुटते. बसचे डिझेल आणि चालकाचा पगार हा कायमचा खर्च आहे, एका वर्षाच्या देणगीवर तो भागत नाही.

आण्याच्या काळात पट्टी गावाची आणि निर्णय साहेबाचा होता. दीडशे वर्षांनी पट्टी जवळजवळ गेली, निर्णय मात्र तिथेच राहिला. आज गावाच्या हातात शाळा व्यवस्थापन समिती आहे. शाळा दुसरीत मिसळण्याचा, म्हणजे समायोजनाचा, कागद आला, तर समितीने ठराव करून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: नव्या शाळेचे पावसाळ्यातले अंतर, बसचा खर्च कोणत्या शीर्षाखाली आणि किती वर्षे, आणि बस बंद पडल्यास जुनी शाळा पुन्हा उघडण्याची हमी. ही उत्तरे मिळेपर्यंत शाळेच्या कुलपाची किल्ली गावानेच जपावी.