वर्धा, नागपूर आणि दहा सेंटचं एक कॉमिक

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा वाढवा. आज गोष्ट जरा लांबची आहे, पण ती सुरू होते आपल्या वर्ध्यातून.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा मेसेज असतो, "दादा, नवीन ग्राफिक नॉवेल कोणतं येतंय? कुमारवयाच्या पोरांसाठी काही चांगलं सांग ना." नव्या पुस्तकांच्या याद्या तुम्हाला फोनवर दोन मिनिटांत मिळतात. म्हणून मी आज यादी देणार नाही. एकच पुस्तक घेणार आहे आणि त्याच्या मागे मागे चालत जाणार आहे. ते आपल्याला कुठे नेतं ते बघा.

पुस्तकाचं नाव 'मार्च'. मार्च म्हणजे इथे मोर्चा, पदयात्रा. तीन भाग आहेत, २०१३, २०१५ आणि २०१६ साली आलेले. गोष्ट जॉन लुईस यांची. हे अमेरिकेतले काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीतले नेते, पुढे जॉर्जियातून अनेक वर्षं खासदार. त्यांनी त्यांच्याच ऑफिसातल्या अँड्र्यू आयडिन या तरुण सहकाऱ्यासोबत ही गोष्ट लिहिली आणि नेट पॉवेल यांनी ती काळ्या-पांढऱ्या चित्रांत काढली. तिसऱ्या भागाला २०१६ मध्ये अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, कुमार आणि तरुण वाचकांच्या साहित्यासाठीचा. हा पुरस्कार मिळवणारं ते पहिलं ग्राफिक नॉवेल.

पुरस्कार घेताना लुईस यांना रडू आवरलं नाही. ते म्हणाले की १९५६ साली, म्हणजे सोळा वर्षांचा असताना, मी भावंडांबरोबर गावच्या लायब्ररीत कार्ड काढायला गेलो होतो. तिथे आम्हाला सांगितलं की ही लायब्ररी गोऱ्यांची आहे, तुमची नाही. पुस्तकाला हात लावू न दिलेला पोरगा, आणि साठ वर्षांनी त्याच्याच पुस्तकाला देशाचा सन्मान. एवढ्यावरच एक भाग होईल. पण आपण अजून मागे जाऊ.

लुईस यांना चित्रांतून इतिहास सांगायचं का सुचलं? कारण त्यांच्या तरुणपणी एक कॉमिक चळवळीतल्या पोरांच्या हातात फिरत होतं. १९५७ च्या डिसेंबरात निघालेलं, सोळा पानांचं, किंमत दहा सेंट. 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' नावाच्या शांततावादी संस्थेने ते काढलं होतं. विषय होता मार्टिन ल्यूथर किंग आणि माँटगोमेरी शहरातला बसवरचा बहिष्कार. काळ्या माणसाने बसमध्ये मागे बसायचं आणि गोऱ्याला जागा नसेल तर उठायचं, या नियमाविरुद्ध त्या शहरातले काळे लोक वर्षभराहून जास्त बसमध्ये चढलेच नाहीत. कित्येक जण पायी गेले. अडीच लाखांच्या आसपास प्रती छापल्या गेल्या. चर्चमध्ये, कॉलेजात, हातोहात वाटल्या गेल्या.

त्या कॉमिकवर चित्रकाराचं नाव नव्हतं. साठेक वर्षांनी, २०१८ मध्ये कळलं की ती चित्रं साय बॅरी यांची. आता घरी बाबांना किंवा काकांना विचारा, 'वेताळ' आठवतो का? इंद्रजाल कॉमिक्समधला, कवटीची अंगठी घालणारा. तोच फँटम, आणि १९६१ पासून त्याची वर्तमानपत्रातली चित्रमालिका काढणारे हेच साय बॅरी. म्हणजे ज्यांची चित्रं बघत आपली मागची पिढी मोठी झाली, त्यांनी किंगचीही गोष्ट काढली होती.

आता त्या कॉमिकच्या मधल्या पानांवर या. तिथे चक्क गांधीजी आहेत. भारताने शस्त्र न उचलता इंग्रजांशी कसा लढा दिला, हे काही चौकटींत सांगितलंय. आणि शेवटी पायरी पायरीने दिलंय की ही पद्धत तुमच्या गावात कशी वापरायची. म्हणजे गोष्टही आणि गाइडही.

ही पद्धत तिकडे पोचली कशी? इथे आपला जिल्हा येतो.

१९३४ पासून गांधीजी वर्ध्यात होते, आधी मगनवाडीत. १९३६ च्या एप्रिलअखेर ते शेगावला राहायला गेले. तेच आजचं सेवाग्राम. विदर्भातल्या दुसऱ्या शेगावशी पत्रांचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. तर १९३६ संपता संपता दोन काळे अमेरिकन गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले. एक चॅनिंग टोबायस आणि दुसरे बेंजामिन मेज. दोघं म्हैसूरच्या वायएमसीएच्या जागतिक परिषदेसाठी भारतात आले होते. मेज यांना तत्त्वज्ञान नको होतं, कामाचं हवं होतं. ही अहिंसा सामान्य माणसाला शिकवायची कशी? एका माणसाला जमेल, हजारोंना कसं जमेल? असे त्यांचे प्रश्न होते.

दुसराही एक प्रश्न त्यांनी विचारला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्ही अस्पृश्यतेविरुद्ध लढता, मग जातिव्यवस्थेविरुद्धच का नाही? मेज यांनी पुढे आत्मचरित्रात या भेटीबद्दल लिहिलंय. गांधीजींनी जातीची बाजू कामाच्या वाटणीच्या अंगाने मांडली. लक्षात घ्या, साल १९३६. त्याच वर्षी बाबासाहेबांचं 'जातीचा उच्छेद' मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे अमेरिकेतून आलेल्या पाहुण्याने वर्ध्यात बसून तोच प्रश्न टाकला, जो या मातीत आधीच धगधगत होता.

मेज परत गेले. १९४० मध्ये अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजचे अध्यक्ष झाले. १९४४ मध्ये तिथे पंधरा वर्षांचा एक विद्यार्थी दाखल झाला. त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग. किंग पुढे मेज यांना आपले गुरूच मानायचे.

दुसरी वाट नागपूरची. १९५३ मध्ये जेम्स लॉसन नावाचा तरुण नागपूरला आला, हिस्लॉप कॉलेजात. मेथडिस्ट मिशनकडून, वय पंचविशीच्या आत. कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून अमेरिकेत तुरुंग भोगून आलेला. गांधीजी जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, पण त्यांच्यासोबत काम केलेली माणसं होती, पुस्तकं होती, चर्चा होत्या. नागपूर ते वर्धा म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, आपल्यासाठी रोजचं अपडाऊन. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी लॉसन यांनी नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये ते परतले, किंगना भेटले आणि १९५८ मध्ये नॅशविल शहरात गेले. तिथे चर्चच्या तळघरात कॉलेजच्या पोरापोरींचे वर्ग सुरू केले. सोबत वाटायला ते दहा सेंटचं कॉमिक होतंच.

वर्ग कसले? मार खायचे! खरंच. एकाने खुर्चीवर शांत बसायचं आणि बाकीच्यांनी त्याला शिव्या द्यायच्या, ढकलायचं, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायचा. त्याने हात उचलायचा नाही, पळायचंही नाही. 'मार्च'च्या पहिल्या भागात हे वर्ग चित्रांत आहेत, ते बघताना अंगावर काटा येतो. त्या वर्गात बसलेला एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणजे आपला जॉन लुईस. १९६० च्या फेब्रुवारीत ही पोरं नॅशविलच्या हॉटेलांच्या काउंटरवर जाऊन बसली, जिथे काळ्यांना खायला मिळत नव्हतं. मार खाल्ला, तुरुंगात गेली. मे महिन्यात काउंटर उघडले.

वर्ध्यात मेज यांनी विचारलं होतं ना, हजारोंना कसं शिकवायचं? त्याचं एक उत्तर नागपूरहून परतलेल्या माणसाने तळघरात दिलं. एक उत्तर कॉमिकने दिलं. २००८ च्या सुमारास त्याच कॉमिकचं अरबी भाषांतर झालं आणि ते इजिप्तच्या तरुणांपर्यंत गेलं. पन्नास वर्षं जुनं, पण अजून कामाचं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटलं असेल, वा, काय भारी, आपलं वर्धा जगात पोचलं! मलाही अभिमान वाटतो. पण थांबा. माझा मुद्दा पुढे आहे.

सोळा पानांत काय मावतं आणि काय सुटतं? कॉमिकमध्ये बसमधून न उठणाऱ्या रोझा पार्क्स आहेत, १ डिसेंबर १९५५ च्या. पण त्याच शहरात, त्याच वर्षी २ मार्चला, म्हणजे नऊ महिने आधी, क्लॉडेट कॉल्विन नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी अशीच उठली नव्हती. तिला पोलिसांनी फरफटत नेलं. पुढे बसचा नियम ज्या खटल्यात रद्द झाला, त्यात ती साक्षीदार आणि वादी होती. पण ती गरीब घरची, वय कमी. पुढाऱ्यांना वाटलं, हिला चेहरा करून चालणार नाही. कॉमिकमध्ये तिचं नाव नाही. कित्येक वर्षं कुठेच फारसं नव्हतं. तिला परत आणलं ते कुमारांसाठीच्या एका पुस्तकाने. फिलिप हूज यांनी लिहिलेलं ते पुस्तक २००९ मध्ये आलं आणि त्यालाही तोच नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

कॉमिकमधल्या गांधीजींच्या पानांचंही तसंच. तिथे सत्याग्रह आहे, पण मेज यांनी विचारलेला जातीचा प्रश्न नाही. बाबासाहेब नाहीत. महाडचं तळं नाही. ती जागा भरून काढायला २०११ उजाडावं लागलं. त्या वर्षी 'भीमायन' आलं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी बाबासाहेबांचं आयुष्य आपल्या शैलीत काढलं. त्यात चौकोनी चौकटीच नाहीत. माणसाला चौकटीत कोंडायचं नाही, असा त्या दोघांचा विचार. बाबासाहेबांचा पाण्यासाठीचा लढा त्यात खरंच पाण्यासारखा पानभर वाहतो.

म्हणून मी म्हणतो, चित्रातला इतिहास "पोरासोरांचं काहीतरी" नसतो. सोळा-सतरा वर्षांचं असताना जे चित्र डोक्यात बसतं, ते पुढे कितीही जाडजूड ग्रंथ वाचले तरी सहज निघत नाही. कोण चित्रात आहे आणि कोण नाही, यावर पुढची पिढी कोणाला ओळखेल ते ठरतं.

मग आपल्या जिल्ह्याचं काय? माझ्या शाळेच्या दिवसांत वर्धा म्हणजे बापू कुटी, एक सहल आणि निबंधाला पाच गुण. पण बघा ना, गोष्टी किती पडल्या आहेत. १९२८ मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने अस्पृश्यांना खुलं झालं. त्या दिवशी उंबरा ओलांडणाऱ्या एखाद्या पंधरा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांनी ही गोष्ट सांगितली तर? १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद झाली, नई तालीम निघाली. सूत कातत गणित शिकणाऱ्या मुलीला ते आवडत होतं की कंटाळा यायचा?

आणि आष्टी. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात जमाव पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबार झाला, माणसं मेली, पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूर पेटलं. चिमूरच्या स्त्रियांवरील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळी यांनी त्रेसष्ट दिवस उपोषण केलं. एकीकडे हात न उचलण्याचं व्रत, दुसरीकडे उसळलेलं गाव. कोण बरोबर, कोण चूक? हा प्रश्न एका धड्यात उरकत नाही. त्याला दीडशे पानं आणि नेट पॉवेलसारखा चित्रकार लागतो.

मराठीत हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवरून दोन-तीन पिढ्या पळाला. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि बालभारतीने त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत ठेवलेत, तुमच्या याच फोनवर उघडतील. २०२३ च्या फेब्रुवारीत शहाण्णवावं मराठी साहित्य संमेलनही आपल्याच वर्ध्यात झालं. वाचक आहेत आणि हात चालणारे चित्रकारही आहेत. टॅबलेटवर रात्र रात्र ॲनिमे कॅरेक्टर काढणारी पोरं मी वर्ध्यात, हिंगणघाटला, आर्वीला बघतो. त्यांना एकदा आष्टी सांगा, मेजचे प्रश्न सांगा.

तर "नवीन काय येतंय" या प्रश्नाला माझं उत्तर असं. आधी 'मार्च' आणि 'भीमायन' मिळवून वाचा. लुईस २०२० मध्ये गेले, पण त्यांच्या पुढच्या आयुष्याची गोष्ट 'रन' नावाने २०२१ मध्ये आली, तीही बघा. आणि आपल्याकडे पुढचं काय येणार, ते प्रकाशकांइतकंच तुमच्यावरही आहे. दहा सेंटच्या कॉमिकला सोळाच पानं होती. तेवढी तर एका वहीतही निघतात.

कोणी अशी सोळा पानं काढली, तर मला नक्की पाठवा. बरी-वाईट कशीही असोत, पुढच्या एखाद्या भागात त्यांच्यावर बोलू. चला, भेटू मग. काळजी घ्या.