शेंदूर, लाख आणि पाण्याचा सांधा

1 जून 1948 रोजी पुणे-नगर रस्त्यावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. बेडफर्ड बनावटीची ती गाडी शिरूरवरूनच गेली. लाकडी बांधणी, काथ्याच्या गाद्या, रस्त्याच्या कडेला पाहायला उभे राहिलेले लोक, असे तिचे वर्णन वारंवार केले जाते. आज मात्र मला गाडीच्या पुढच्या तोंडाशी, रेडिएटरच्या मागे बसवलेल्या एका भागाबद्दल बोलायचे आहे. पुस्तकात त्याला वॉटर पंप म्हणतात. गॅरेजमधली मंडळी वॉटर बॉडी म्हणतात. हा पंप आणि इंजिनचा ब्लॉक यांच्या मध्ये कागदाचा किंवा बुचाचा एक पातळ तुकडा असतो. त्याचे कागदोपत्री नाव गॅस्केट, रोजच्या बोलण्यातले नाव पॅकिंग. या पॅकिंगला काही लावावे की कोरडेच बसवावे, हा आजचा विषय.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत तो क्षुल्लक नाही. भीमेच्या अलीकडे पुणे-नगर रस्ता, पलीकडे पुणे-सोलापूर रस्ता आणि दोहोंना जोडणारा शिरूर-न्हावरे-चौफुला मार्ग. या भागात ऊस वाढला. पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. गळिताच्या दिवसांत दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कर्ज काढून घेतलेला असतो. त्याच्या पंपाच्या सांध्यातून पाणी झिरपू लागले आणि चालकाच्या लक्षात आले नाही, तर इंजिन तापते, हेड वाकते, पिस्टन जाम होतात. काही रुपयांच्या पॅकिंगपायी मोसमाची कमाई जाते.

इंजिनात इंधन जळून जी उष्णता होते, तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढतो, एक तृतीयांश धुरावाटे जातो आणि उरलेला बहुतेक भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो. आरंभीच्या काही मोटारींत हे काम पंपाशिवाय चाले. गरम पाणी वर चढते, थंड पाणी खाली उतरते, एवढ्या नियमावर पाणी आपोआप फिरे. अमेरिकेत 1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पहिल्या सुमारे अडीच हजार नगांपर्यंत पंप होता. मग तो काढून टाकला आणि 1927 पर्यंत ती गाडी पंपाविनाच निघत राहिली. पण इंजिने मोठी झाली, ओझी वाढली, आणि पाणी जोराने ढकलणे भाग पडले. पंप आला, आणि त्याच्याबरोबर ब्लॉकला जोडलेला सांधाही आला.

दोन धातूंची तोंडे कितीही सपाट घासली तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत डोंगर-दऱ्या दिसतात. त्या दऱ्यांतून पाणी वाट काढते. मऊ पॅकिंग आवळले की ते या दऱ्यांत दबून बसते आणि वाट बंद होते. तोंडे स्वच्छ आणि सपाट असतील तर एवढे पुरते. नसतील तर मेकॅनिक लेपाकडे वळतो.

लेपाची ही विद्या मोटारीहून जुनी आहे. ती पाहायला शिरूरहून न्हावऱ्यामार्गे भीमा ओलांडून दौंडला जावे लागते. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि दौंड हे मोठे जंक्शन झाले. तेथे वाफेच्या इंजिनांची शेड होती. वाफेच्या काळात जगभरच्या कारखान्यांत नळांच्या आणि झडपांच्या सांध्यांना एक ठरलेला लेप लावीत: शेंदूर आणि उकळलेले जवसाचे तेल, ज्याला आपले रंगारी बेलतेल म्हणतात. मारुतीच्या अंगावर चढतो तोच हा शेंदूर, म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तेलाशी त्याचा संयोग होऊन दगडासारखा थर तयार होतो. जोडीला सफेदा आणि तागाचे धागे असत. बिडाच्या जाड सांध्यांना हा लेप उत्तम. पण त्यातले शिसे तो मळणाऱ्याच्या पोटात जाई, हे फार उशिरा मनावर घेतले गेले. शिवाय एकदा वाळलेला सांधा छिन्नी-हातोड्याशिवाय सुटत नसे.

मोटारीच्या नाजूक सांध्यांना हा दगड चालण्यासारखा नव्हता. तेथे आली लाख. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी लाख आपल्याला महाभारतातल्या लाक्षागृहापासून परिचित. पेशव्यांच्या दप्तरातल्या लखोट्यांवर लाखेचेच ठसे. सोनार दागिन्यात भरतो ती लाख, आणि बालगंधर्वांचे गाणे ज्या जुन्या तबकड्यांतून घरोघर पोहोचले, त्या तबकड्यांतही लाखच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातून जाई. तिच्या अभ्यासासाठी 1924 साली रांचीजवळ नामकुम येथे स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली. हीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तपकिरी, चिकट द्राव करीत. त्याचे नाव शेलॅक. पॅकिंगच्या दोन्ही अंगांना त्याचा हात फिरवला की स्पिरिट उडून जाई आणि पॅकिंग जागच्या जागी चिकटे. जुन्या मेकॅनिकच्या पेटीत शेलॅकची डबी नाही, असे सहसा होत नसे.

ही सवय आपल्याकडे इतकी का रुजली, याचे एक कारण एस.टी.च्या आरंभकाळातच सापडते. 1948 च्या ताफ्यात दहा बनावटींच्या गाड्या होत्या: शेव्हरोलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. बनावट बदलली की पंपाचे तोंड बदलते, भोकांची जागा बदलते, पॅकिंगचा आकार बदलतो. कंपनीचे तयार पॅकिंग समुद्रापलीकडून यायचे. ते येईपर्यंत गाडी उभी ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते. मग जाड कागद पंपाच्या तोंडावर धरायचा, गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्यायचे, आणि धारेवर कागद आपोआप कापला जायचा. ही हातोटी आजही कोणत्याही जुन्या गॅरेजमध्ये पाहायला मिळते. पण हाताने कापलेल्या कागदाची जाडी आणि कड सगळीकडे सारखी नसते. ती उणीव शेलॅक भरून काढी. म्हणजे लेप ही टंचाईतून शोधलेली तोड होती.

दुसरे कारण दाबाचे. रेडिएटर पूर्वी उघडे असत. शिरूर-दौंडचा प्रदेश समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच. तेथे उघडे पाणी 98 अंशांच्या जरा वर गेले की उकळते. म्हणून रेडिएटरला दाब धरणारे झाकण आले. दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास दाब धरला की उकळण्याची पातळी वीसएक अंशांनी वर जाते. इंजिनला दिलासा मिळाला, पण उघड्या रेडिएटरच्या काळात जो सांधा नुसता ओलसर राहायचा, तो आता पिचकारी मारू लागला. लेप अधिक हवासा झाला.

शेलॅकचा एक दोष मात्र पुढच्या दुरुस्तीत कळे. उष्णतेने तो कडक आणि ठिसूळ होई. पंप पुन्हा उतरवताना पॅकिंग फाटून निम्मे ब्लॉकला चिकटून राही. ते पटाशीने खरवडताना तोंडावर चरे पडत. चरे पडले म्हणून पुढच्या वेळी शेलॅक जास्त, आणि शेलॅक जास्त म्हणून खरवडणे आणखी जास्त. काही जुन्या पॅकिंगमध्ये तर अॅस्बेस्टॉस असे, आणि खरवडताना त्याची धूळ थेट छातीत जाई. ब्रिटनने अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली ती 1999 साली. आजही एखाद्या जुन्या इंजिनचे पॅकिंग काढताना ते आधी ओले करावे, कोरडे घासू नये आणि हवेच्या झोताने उडवू नये.

1950 नंतर रसायनशास्त्राने नवे लेप दिले. अमेरिकेतल्या हार्टफर्ड येथील प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी 1953 साली, हवा तुटल्यावरच घट्ट होणारा द्रव तयार केला. डबीत हवा असते तोवर तो पातळ; दोन धातूंच्या फटीत अडकला की कडक. त्याच सुमारास सिलिकोनची लुकणे विकसित होत होती. ती हवेतल्या ओलाव्याने घट्ट होऊन रबरासारखी राहतात. ट्यूबमधून निघणाऱ्या या सिलिकोनने आपल्या गॅरेजमधून शेलॅकला हळूहळू हटवले. त्यातल्या एका जातीला व्हिनेगरसारखा वास येतो. तो अॅसेटिक आम्लाचा असतो आणि काही धातूंना बाधतो. म्हणून इंजिनसाठी आम्ल न सोडणारी जात वापरावी.

सिलिकोन सोपे, म्हणूनच त्याचा अतिरेक झाला. जाड थर देऊन पंप आवळला की बाहेर फुगलेली माळ दिसते. तेवढीच माळ आत, पाण्याच्या वाटेतही फुगलेली असते. ती तुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत किंवा थर्मोस्टॅटमध्ये अडकते. गळती थांबते आणि इंजिन तापू लागते. त्यात बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नळ्या आधीच अरुंद झालेल्या असतील तर विचारायलाच नको. दुसरे असे की ओले सिलिकोन निसरडे असते. कागदी पॅकिंगला ते भरपूर फासले तर आवळताना पॅकिंगच सरकून बाहेर येते.

‘कारखान्यात तरी लेपच लावतात ना?’ असे कोणी विचारील. शिरूर तालुक्यातल्याच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा मोटर्स यांचा संयुक्त कारखाना उभा राहिला. पहिल्या एस.टी. ताफ्यातल्या दहा नावांपैकी एक नाव असे त्याच रस्त्यावर परतले. आधुनिक इंजिन कारखान्यांत अनेक सांध्यांना पॅकिंग नसते. यंत्राचा हात मोजून-मापून लेपाची एकसारखी रेघ ओढतो. खरे आहे. पण तेथे धातूची तोंडे नुकतीच घासलेली, तेल-गंज-क्षारांचा स्पर्श नसलेली असतात. चौफुल्याच्या रस्त्याकडेला उतरवलेल्या पंपाचे तोंड तसे नसते. ट्यूब जास्त दाबल्याने ते तसे होतही नाही.

म्हणून या सगळ्या इतिहासातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. आधी निर्मात्याची पुस्तिका पाहावी. रबराची कड किंवा रबरी रिंग असलेल्या पॅकिंगला पुस्तिकेत सांगितले नसेल तर काहीही लावू नये. कागदी पॅकिंगला, तोंडे पूर्ण स्वच्छ केल्यावर, पॅकिंग जागेवर राहील इतकाच पातळ हात पुरे. जे बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उतरतात त्यांच्या आट्यांना मात्र लेप आठवणीने लावावा. पॅकिंग ठीक असूनही पाणी तेथून येते आणि दोष पंपाला मिळतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळावेत. आणि लेप वापरला असेल तर तो वाळायला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्यावा, मगच पाणी भरावे.

हा शेवटचा वेळच आपल्याकडे दिला जात नाही. कारखान्यावर उसाची रांग लागलेली असते, मालक डोक्याशी उभा असतो. 1948 साली हाताशी तयार पॅकिंग नव्हते, म्हणून लेप लागला. आज बहुतेक गाड्यांचे पॅकिंग तालुक्याच्या दुकानात मिळते. तोंडे घासायला आणि लेप वाळायला लागणारा वेळ तेवढा कोणी देत नाही. ट्रॅक्टर दुरुस्तीला घालताना आपणच मेकॅनिकला सांगावे, ‘दादा, घाई करू नका.’ त्यात आपलाच फायदा आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)