मोटारगाडीची बॅटरी व चार्जिंग यंत्रणा : दोषनिदान

गाडी सुरू झाली नाही की खापर बॅटरीवर फुटते. दोष मात्र अनेकदा अल्टरनेटरचा, सैल पट्ट्याचा किंवा गंजलेल्या टर्मिनलचा असतो. म्हणून टर्मिनलवरची पांढरी-हिरवट भुकटी आधी घासून काढावी. सहा घटांची, पूर्ण चार्ज झालेली शिसे-आम्ल बॅटरी गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मा चार्ज. चार्ज असलेल्या बॅटरीचाही दाब स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली घसरला, तर ती थकली समजावी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात, काटा १२.५ वरच रेंगाळला तर नवी बॅटरीही लवकरच बसते. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासण्याची गॅरेजातली जुनी रीत आता सोडलेलीच बरी : दाब उसळून इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जळू शकतो.